सौदामिनीची ‘सौदा’ झाली तर?

प्रश्न: सोलापुरातल्या एका ताईंचा मेल आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात देते. त्यांना सव्वा महिन्याची मुलगी आहे आणि साडेतीन वर्षांचा थोरला मुलगा. माहेर मराठी, सासरी घरात कन्नड बोलतात. बाळ दवाखान्यात असल्यामुळे बाराव्या दिवशी बारसं झालं नाही, ते आता तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलंय. बाळ जन्मलं त्या रात्री परतीच्या पावसाच्या विजा कडाडत होत्या, वॉर्डातले दिवे गेले होते, आणि ताईंच्या मनात तेव्हापासून ‘सौदामिनी’ हे नाव बसलंय. नवऱ्याचं म्हणणं, एवढं लांब नाव कोणी घेणार नाही, आठ दिवसांत त्याची ‘सौदा’ होईल. त्यापेक्षा ‘इरा’ ठेवू, दोन अक्षरांत मोडणार काय? सासूबाईंना त्यांच्या सासूचं, म्हणजे ‘गौरव्वा’ हे नाव पुढे चालवायचंय. थोरला मुलगा बाळाला आत्ताच ‘मिमी’ म्हणतो, आणि तेच चिकटेल या भीतीनं ताई त्याला रागावतात. शेवटी त्या लिहितात: ‘माझंही नाव चांगलं चार अक्षरी आहे. शाळेत त्याचं जे केलं गेलं ते मी अजून विसरलेले नाही. कोणाला मोडताच येणार नाही असं एखादं नाव असतं का?’

उत्तर:

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. असं नाव नसतं. मराठीत तर नाहीच, आणि आपल्या सोलापुरात एकाच बोळात नाव मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार तोंडांतून जातं, त्यामुळे इथे आणखीच नाही. बाळाच्या नावाला कुंपण शोधत बसलात तर तुळशीचं लग्नही होईल आणि होळीही येईल.

‘इरा’चंच बघा. तुमच्या मिस्टरांना वाटतं दोन अक्षरांना कात्री लावायला जागा नाही. पण आपल्याकडे नाव कापतात तसं त्याला शेपूटही लावतात. राम याहून छोटं नाव कुठलं? तरी घराघरांत राम्या, रामा, रामभाऊ झालेच. शिवचा शिवू होतो, तुमच्या सासरच्या बोलीत शिवाप्पा होतो. इराची इरू होईल, रागावलं की ‘ए इरे’ होईल, आणि धाकटी भावंडं तिला इराक्का म्हणतील. मला इराक्का ऐकायला फार गोड वाटतं. तुम्हा दोघांना इरा आवडलं असेल तर खुशाल ठेवा. मोडणार नाही म्हणून मात्र ठेवू नका, ते मोडेलच.

आपण नाव तोडतो तेही एका रीतीनं तोडतो. सुरुवातीचं अक्षर धरायचं, पुढचं एखादं व्यंजन घ्यायचं आणि शेवट आपला लावायचा. प्रकाशचा पक्या, विनायकचा विन्या, गणेशचा गण्या. मुलींना ‘या’ऐवजी ‘ई’: सुमनची सुमी, शकुंतलाची शकी. तिसरा शेवट ‘ऊ’चा, तो मुलगा-मुलगी बघत नाही: विनू, सुमू, शालू, सिद्धू. माझ्या कानाला तरी ‘ऊ’ बहुतेक वेळा मांडीवर बसवूनच उच्चारलेला वाटतो. ‘या’ आणि ‘ई’चं तसं नाही. शाळेपासूनचा मित्र पन्नाशीत ‘पक्या’ म्हणतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, आणि तोच शब्द चारचौघांत एखादा वरचढ माणूस टाकतो तेव्हा मान खाली जाते.

हे सगळं सांगायचं कारण तुमच्या मेलखालची सही. तिथे तुमचं चार अक्षरी नाव नाही. दोनच अक्षरं आहेत आणि ती ‘ऊ’नं संपतात. शाळेतलं रूप तुम्ही लिहिलं नाहीत, ते ‘ई’नं संपत असावं असा माझा अंदाज आहे. म्हणजे तुमचं नाव दोनदा तोडलं गेलं. एका तुकड्याचा राग अजून गेलेला नाही, आणि दुसरा तुकडा तुम्ही इतका आपला मानलात की एका अनोळखी बाईला मनातलं लिहिताना हात आपसूक तिथेच गेला. ते नाव तुम्हाला कोणी दिलं? आईनं, मामानं, पाठच्या बहिणीनं? आज रात्री बाळाला पाजताना हे आठवून बघा. मुलीला कशापासून वाचवायचंय आणि कशाला मुकवायचं नाही, हे त्यातून तुम्हालाच दिसेल.

शाळेतलं ते दुःख मी हलकं धरत नाही. नाव तोडण्याचा आपल्याकडचा सगळा इतिहास लाडाचा नाही. एकाच गावात एकाच्या नावामागे पंत लागायचं, राव लागायचं, आणि दुसऱ्याचं नाव देवाचं असूनही त्याचा म्हाद्या नाहीतर नाऱ्याच व्हायचा. साठीच्या माणसाला वाड्यातलं दहा वर्षांचं पोर ‘ए म्हाद्या’ म्हणून हाक मारायचं. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्या एका हाकेत कळायचं. वर्गात एखाद्या मुलीचं नाव तोडून सगळे हसतात तेव्हा तीच पायरी पुन्हा मांडली जात असते. म्हणून पूर्ण नावाचा आग्रह धरणारी आई मला हट्टी वाटत नाही.

पण आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटंही घडलंय. पंढरपुरात ज्यांचे अभंग रोज म्हटले जातात ते तुकाराम स्वतःला ‘तुका’ म्हणतात, नामदेव ‘नामा’, एकनाथ ‘एका’, जनाबाई ‘जनी’. देवालाही त्यांनी पूर्ण नावानं दूर उभं केलं नाही, विठ्ठलाचा विठू केला. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज वारकरी त्यांना चोखोबा म्हणतात. नाव निम्मंच राहिलं, ‘बा’ लागून मोठं झालं. आणखी जवळ यायचं तर अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत आहे, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. कागदोपत्री त्या गोदावरी. लोकांनी गोदावरीची गोदू केली, तिला ताई जोडली, आणि आता हजारो घरांच्या पत्त्यात ते लाडाचं नाव आहे. तेव्हा नाव लहान झालं म्हणजे मुलीचा मान गेला, हे आपण गृहीत धरायला नको. कोणी लहान केलं आणि कुठल्या आवाजात, हे बघायला हवं.

जुळे सोलापुरातलं एक बारसं मला विसरता येत नाही. बाहेर बाळाच्या नावाचा फ्लेक्स, आत पाळण्यावर फुग्यांची अक्षरं: अनन्या. आत्यानं कानात कुर्रर केलं, मागून तिच्या पाठीत धपाटे पडले, घुगऱ्यांच्या वाट्या फिरायला लागल्या. मग पणजीला हाताला धरून पाळण्याजवळ आणलं. वय नव्वदीच्या घरात, तोंडात एक दात नाही, घरची भाषा कन्नड. तिनं नाव दोनदा म्हणून बघितलं. अ गळाला, शेवटचा या गळाला. पदरानं ओठ पुसून तिनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि जे निघालं ते होतं ‘नन्न… नन्न कूसू’. कन्नडमध्ये ‘नन्न’ म्हणजे माझं, ‘कूसू’ म्हणजे बाळ. बाळाच्या आईचा चेहरा आधी पडला होता, महिनाभर शोधून ठेवलेलं नाव पहिल्याच तोंडात मोडलं म्हणून. कोणीतरी अर्थ सांगितला तशी ती खाली वाकली आणि पणजीचा हात धरून राहिली. त्या पोरीला घरात अजून नन्नी म्हणतात. शाळेत ती अनन्याच आहे.

आता सौदामिनी. वीज हा अर्थ, त्या रात्रीची आठवण, उच्चारातली ऐट, मला हे नाव फार आवडलं. पण ते कुठे तुटतं हे तुमच्या मिस्टरांनी बरोबर हेरलंय, त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. ‘सौदा’ मराठीत व्यवहार, हिंदीत बाजारातून आणायचा जिन्नस, उर्दू शायरीत वेड, आणि कन्नडमध्ये ‘सौदे’ म्हणजे जळाऊ लाकूड. चौथीतल्या पोरांना यातला एक अर्थ सापडला तरी पुरे. शिवाय सौ वेगळा पडला आणि हजेरीपटात कोणी टिंब दिलं तर पहिलीतली मुलगी ‘सौ. दामिनी’ होऊन बसेल. नाव ठरवणाऱ्या सगळ्याच आईवडिलांना माझं सांगणं आहे की नाव जसं सुचलं तसं चार बाजूंनी तोडून बघा, जवळच्या सगळ्या भाषांत बघा. शेजारी तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब असेल तर त्यांच्या आजीला विचारा, वरच्या मजल्यावरच्या उर्दू बोलणाऱ्या आपांना विचारा. कागदावर छान दिसणारं नाव जिन्यात उभं राहून मोठ्यानं हाक मारून बघा, शेवटचं अक्षर लांबवता येतं का ते कळतं. सौदामिनीला या हाकेत पैकीच्या पैकी मार्क आहेत. ‘नी’ कितीही लांब ओढता येतो.

आणि त्या ‘नी’कडेच तुमच्या मुलाचं लक्ष गेलंय. मोठी माणसं नाव सुरुवातीकडून तोडतात, म्हणून सौदा. नुकतं बोलायला लागलेलं मूल बरेचदा शेवट धरतं, कारण कानात तोच राहतो. तुम्ही घरात सौदामिनी म्हणत असणार, त्यातलं ‘मिनी’ त्यानं पकडलं आणि त्याच्या जिभेवर त्याची ‘मिमी’ झाली. ताई, त्याला रागावणं आजपासून बंद करा. एक तर बहीण आल्यावर आईची मांडी वाटून घ्यावी लागलेल्या पोरानं तिला प्रेमानं नाव दिलंय, त्यावर ओरडा मिळाला तर त्यानं काय समजायचं? दुसरं म्हणजे तो तुमचंच काम करतोय. लाडाच्या नावाची जागा घरात मोकळी राहिली की ती पुढे वर्ग भरून काढतो. मिमी म्हणा, मिनी म्हणा, ती जागा आत्ताच भरलेली असेल तर ‘सौदा’ला शिरायला वाव कमी राहतो. शून्य राहतो असं मी म्हणत नाही.

सासूबाईंच्या गौरव्वाबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, ‘ते तर शक्यच नाही’ एवढी. दाखल्यावर नको असेल तर नको, तुमचा तो हक्क आहे. पण आपल्याकडे पाळण्यातलं नाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायची जुनी सोय आहे, ती वापरा की. बारशाला आत्या कानात सौदामिनी सांगेल, त्याआधी आजीनं गौरव्वा सांगावं. त्यांना घरात गौरा म्हणू दे. त्या बाईंना त्यांच्या सासूचं नाव पुन्हा घरात ऐकायचंय, यामागे कदाचित एखादी मोठी आठवण असेल. ती त्यांना विचारा. बारशाच्या आधी निवांत बसून ऐका, आणि ऐकून झाल्यावर त्यांना सौदामिनी म्हणायला लावा. त्यांच्या तोंडून ते कसं निघतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पहिली पाच वर्षं ही मुलगी सगळ्यात जास्त हाका त्यांच्याच ऐकणार आहे.

दोन भाषांच्या घरातलं नाव म्हटलं की मला आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. 1910 साली ते सोलापुरात जन्मले. युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तिथे त्यांचं नाव ‘के दीहुआ’ झालं. कोटणीसांचा ‘को’ तिथे ‘के’ झाला. त्यांनी ते नाव आनंदानं लावलं. 1942 साली मुलगा झाला त्याचं नाव ‘यिनहुआ’ ठेवलं: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले. तुमच्या घरातलं मराठी आणि कन्नड त्या मानानं किती जवळ राहतात!

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? सौदामिनीच ठेवलं असतं, पण आठ दिवस वापरून बघितल्यावर. घरातल्या सगळ्यांनी ठरवून आठ दिवस बाळाला पूर्ण नावानं हाक मारायची. अंघोळ घालताना, तेल लावताना, रात्री तिसऱ्यांदा उठून रडायला लागल्यावरसुद्धा. मिस्टरांनीही. आठव्या दिवशी जीभ अडखळत असेल किंवा नवऱ्याला ते परकंच वाटत असेल तर दोघांनी मिळून तिसरं नाव शोधा. बापाच्या तोंडात न बसणारं नाव आईनं एकटीनं ओढून नेऊ नये, पुढे प्रत्येक हाकेत तो वाद जिवंत राहतो. बसलं, तर मग ‘काय होईल’ची चर्चा थांबवा.

आणि एक सवय आधीपासून सांभाळा. बहुतेक घरांत मुलाला एरवी सोन्या, पिल्लू, चिऊ म्हणतात आणि पूर्ण नाव निघतं ते फक्त रागावताना. ‘सौदामिनी! इकडे ये आधी!’ असं झालं की मूल पूर्ण नावाला बिचकायला लागतं आणि शाळेत स्वतःच म्हणतं, मला मिनी म्हणा. नाव टिकावं असं वाटत असेल तर ते प्रेमात घ्या. गोष्ट सांगताना घ्या, शाबासकी देताना घ्या, पाहुण्यांसमोर कौतुकानं घ्या. ओरडायचंच असेल तर नुसतं ‘ए बाई’ म्हणा.

शाळेची तयारी सोपी आहे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि साध्या शब्दांत सांगा की तिला सौदामिनी म्हणावं, सौदा नको. शिक्षक पहिल्या महिन्यात जे म्हणतात ते पोरं उचलतात. मुलीलाही बालवाडीपासून एक वाक्य पाठ असू दे: ‘माझं नाव सौदामिनी आहे, सौदामिनी म्हण.’ रडता येतं, भांडता येतं, पण हे वाक्य शांतपणे म्हणता येणं तुम्हाला त्या वयात कोणी शिकवलं नव्हतं. मोठी झाल्यावर मैत्रिणींनी दिलेलं एखादं विचित्र नाव तिलाच आवडलं, तर मात्र तुम्ही मधे पडू नका. ते तिचं असेल.

कागदांचं लक्षात ठेवा, कारण तिथली चूक खरोखर छळते. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, दवाखान्यानं ती केली असणारच, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात खात्री करून घ्या. नावाची घाई नाही. नावाशिवाय झालेल्या नोंदीत 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलणं किचकट आहे, म्हणून ते आठ दिवस आधी, दाखला नंतर. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. इंग्रजी स्पेलिंग एस-ए-यू करायचं की एस-ओ-यू, हे आजच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आपल्याकडे दोन्ही चालतात आणि प्रत्येक टेबलावर वेगळं लिहिलं जातं.

आणखी एक. राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमानं लिहायचं असतं. म्हणजे तिच्या नावाला लागून लगेच तुमचं नाव येईल, चारही अक्षरांचं. दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलण्याआधी दोन्ही नावं अक्षर अन् अक्षर वाचून घ्या.